पितळ पुसलंत, काचा कुठे गेल्या?

मंडळी, हल्ली लाकूड-पितळेचा तो जुना घडीचा कॅमेरा जिकडे तिकडे दिसू लागलाय. आमच्या चिंचोटीहून हायवेने कुठेही जेवायला जा, कोपऱ्यात तीन पायांवर उभा, शेजारी पाटी : 'व्हिक्टोरियन अँटिक'. लोक त्याच्या शेजारी उभे राहून मोबाईलवर सेल्फी काढतात! यातले बरेचसे शोभेसाठी नव्यानेच घडवलेले. मागे घासलेली काच नसेल, प्लेट सरकवायला खाच नसेल, तर ते खेळणंच. खेळण्याशी माझं भांडण नाही. ज्यांच्या माळ्यावर खरा कॅमेरा होता त्यांच्याशी आहे.

तो 'व्हिक्टोरियन' शब्दही खटकतो. जणू साहेबाने वापरून टाकलेली वस्तू! अहो, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, आणि आपले डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग चालला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. सावेदादा, फाळके ही सिनेमावाली मंडळीसुद्धा आधी फोटोग्राफरच.

काम सोपं नव्हतं. काळ्या कापडात डोकं खुपसायचं, घासलेल्या काचेवर उलटा पडलेला माणूस नीट जुळवायचा, मग तिथे प्लेट सरकवून भिंगाचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण परत लावायचं. तोवर आजीबाईंनी हलायचं नाही. एवढ्या खटाटोपातून जे उरलं ते काचेवर उरलं.

आणि आपण काय केलं? कॅमेरा पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवला (काही हौशी तर आत बल्ब सोडून त्याचा दिवा करतात!) आणि काचेच्या प्लेटा भंगारात दिल्या. कितीतरी जुन्या स्टुडिओंच्या प्लेटा धुऊन, खरवडून नुसती काच म्हणून विकल्या गेल्या. कुणाच्या तरी पणजीचा एकुलता एक चेहरा त्यात गेला, आणि ती काच दुसऱ्याच कुणाच्या तसबिरीवर बसली. 'आम्ही वारसा जपतो' म्हणणाऱ्यांनी यावर जरा बोलावं.

जागा नाही म्हणतात. डझनभर प्लेटांच्या खोक्याला एका जाड शब्दकोशाएवढी जागा लागते हो! सोफ्यामागच्या त्या पितळी शोभेला मात्र अख्खा कोपरा.

असो. ज्यांच्याकडे अजून प्लेटा आहेत त्यांनी त्या पाण्याने धुऊ नयेत. कडेला धराव्यात, उभ्या ठेवाव्यात. प्रत्येकीला कागदाचं पाकीट करावं, आणि प्लेट आत घालण्याआधी पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहावं. नावं सांगू शकणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. खिडकीच्या उजेडासमोर प्लेट धरून मोबाईलने फोटो घ्या, काळं-पांढरं उलटं करा, चेहरा समोर येतो.

आमच्या नातलगांपैकी ज्यांच्या माळ्यावर जुनी पत्र्याची ट्रंक आहे, त्यांनी गणपतीला येताना ती उघडून बघून यावं. प्लेटा सापडल्या तर घेऊन या. कॅमेरा नाही आणलात तरी चालेल.