विहिरीचा पंचनामा



कासुर्डीच्या बैठकीत वाटण्यासाठी हा अंक छापत आहोत. बैठकीला दौंड-शिरूरच्या जिराईत गावांतले ज्वारीवाले येतील, तसे मराठवाडा-विदर्भातले कापूसवालेही येतील. दरवेळी या जागी आम्ही भाव, कर्ज आणि वीजबिल यांवर लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. आग विझवण्याचा फेस, आणि त्यावरून अमेरिकेत उभे राहिलेले कर्करोगाचे हजारो दावे. कोणी म्हणेल, आमच्या कडब्याच्या गंजीला आग लागली तर आम्ही बादलीने पाणी मारतो, अमेरिकेच्या फेसाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

पेट्रोल-डिझेलची आग पाण्याने विझत नाही. तेल पाण्यावर तरंगते आणि आग उलट पसरते. १९६० च्या दशकात अमेरिकेचे नौदल आणि थ्रीएम कंपनी यांनी मिळून यावर एक फेस तयार केला. तो पेटत्या तेलावर दुधासारखी साय धरतो. वरची हवा तुटते, आग मरते. १९६७ साली फॉरेस्टल या अमेरिकन युद्धनौकेवर आग लागून १३४ माणसे गेली, त्यानंतर या फेसाचा वापर झपाट्याने वाढला. विमानतळ, तेलाचे डेपो, रासायनिक कारखाने, सगळीकडे तो पोचला. या फेसाने माणसे वाचवली, हे आधी कबूल केले पाहिजे.

पण साय धरण्याचा गुण ज्या रसायनांमुळे येतो त्यांच्या कुळाचे नाव आहे पीएफएएस. कार्बन आणि फ्लोरिन यांची यात अशी गाठ बसते की ऊन, पाऊस, मातीतले जंतू, कोणालाच ती सुटत नाही. म्हणून जगात यांना 'कायमची रसायने' म्हणतात. फेस जमिनीवर पडला की विरून जातो, रसायन मात्र पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीला लागते. ते उकळून जात नाही, तुरटीने बसत नाही, क्लोरिनने मरत नाही. माणसाच्या रक्तात गेले की त्यातले निम्मे बाहेर पडायलाच काही वर्षे लागतात. या कुळातल्या पीएफओए या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्याचा भाऊ पीएफओएस, जो जुन्या फेसात असे, तो 'कर्करोग करू शकेल' अशा गटात आहे.

किती थोडे पुरते ते पाहा. अमेरिकन सरकारने २०२४ साली पिण्याच्या पाण्यासाठी या दोन रसायनांची मर्यादा ठरवली, ती लिटरला एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या चौपट. आपल्या हिशेबात सांगायचे तर एक ग्रॅम रसायन पंचवीस कोटी लिटर पाण्याला पुरते. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरा. असे पंचवीस हजार टँकर मर्यादेवर आणायला एक ग्रॅम बस्स.

आता खटल्यांकडे. ही सगळी लढाई कोणी सुरू केली? शास्त्रज्ञाने नाही, पुढाऱ्यानेही नाही. गुरे पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने केली. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ विल्बर टेनंट नावाचा शेतकरी होता. त्याच्या कुटुंबाची थोडी जमीन ड्युपॉन्ट कंपनीने कचरा टाकायला घेतली होती. तिथून येणारा ओढा त्याच्या कुरणातून वाहत होता. ओढ्याला फेस येऊ लागला आणि गुरे मरू लागली. एकदोन नाही, शंभराहून जास्त मेली. गावात कोणी दाद देईना, कारण अर्धे गाव कंपनीच्या पगारावर. या माणसाने काय केले? कॅमेरा घेतला. ओढ्याचे पाणी, लाळ गाळणारी गुरे, सगळ्याचे चित्रण केले. मेलेले जनावर स्वतः चिरून आतले काळे पडलेले अवयवही त्याने टिपून ठेवले. मग तो रॉब बिलॉट या वकिलाकडे गेला. हा वकील तोवर रासायनिक कंपन्यांच्याच बाजूने काम करत असे.

१९९९ साली दावा दाखल झाला. कोर्टाच्या हुकुमाने कंपनीला आपली कागदपत्रे द्यावी लागली, ती निघाली एक लाखाहून जास्त पाने. त्यात सापडले की टेफ्लॉन बनवताना लागणारे पीएफओए प्राण्यांच्या यकृताला बाधते, हे कंपनीच्या माणसांना १९६१ पासून ठाऊक होते. १९८४ साली कंपनीने गावच्या नळाचे पाणी गुपचूप तपासले होते, त्यात ते सापडलेही होते. गावाला कोणी सांगितले नाही. पुढे सगळ्या वस्तीने मिळून दावा केला. २००४ च्या तडजोडीत ठरले की आधी खरे काय ते शास्त्राने तपासावे. एकोणसत्तर हजार लोकांनी रक्त दिले. २०१२ पर्यंत तज्ज्ञांनी सहा रोगांशी संबंध संभवतो असे सांगितले. त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग आहे, थायरॉईडचा विकारही आहे. २०१७ साली साडेतीन हजारांवर रुग्णांचे दावे ६७ कोटी १० लाख डॉलरला मिटले.

त्या वाटेवरून फेसाचे दावे आले. डिसेंबर २०१८ पासून अमेरिकेतले फेसाचे सगळे दावे साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या एका कोर्टात एकत्र केले गेले. दावेदार कोण? आगीचे बंब चालवणारे, लष्करी तळावरचे शिपाई, तळाशेजारच्या विहिरींचे पाणी पिणारी कुटुंबे, आणि गावोगावच्या नळयोजना. २०२३ साली थ्रीएमने नळयोजनांना किमान १,०३० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, ड्युपॉन्ट आणि तिच्या भावंड कंपन्यांनी ११८ कोटी ५० लाख डॉलर. मात्र कर्करोग झालेल्या माणसांचा पहिला खटला ऑक्टोबर २०२५ मध्ये उभा राहायचा होता, आणि तोही तोंडावर समेट होऊन थांबला.

येथे थांबून विचार करा. मोठा पैसा आधी पाण्याला मिळाला. आजारी माणूस मागे राहिला. का? आम्हाला कारण असे दिसते. पाण्यात रसायन आहे की नाही, हे एक बाटली सांगते. माणसाच्या पोटातली गाठ कशाने झाली, हे एक बाटली सांगत नाही. कर्करोगाला कारणे अनेक. तंबाखू आहे, मिश्री आहे, वय आहे, वंश आहे. कंपनीचा वकील नेमके हेच विचारतो. तू कोणते पाणी प्यायलास, किती वर्षे प्यायलास, रक्तात किती होते, आजार कोणत्या तारखेला कळला? ज्याच्याकडे कागद असतो त्याचे तो ऐकून घेतो. ज्याच्याकडे नसतो त्याला घरी पाठवतो.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे असे समजू नका. इटलीत विचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना हीच रसायने बनवत होता. तिथल्या लाखो लोकांचे भूजल बिघडले. पोरांच्या रक्तात रसायन सापडल्यावर तिथल्या आया रस्त्यावर आल्या. २०१८ साली कारखाना दिवाळ्यात निघाला. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी धरले आणि सगळ्यांना मिळून १४१ वर्षांची कैद सुनावली. आणि त्या कारखान्याची यंत्रे कुठे गेली? २०१९ साली ती लक्ष्मी ऑरगॅनिक या कंपनीच्या गटाने विकत घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणून बसवली. ही यंत्रे इथेही तेच करतील, असा आरोप आम्ही करत नाही. पण ज्या यंत्रांनी एका देशात विहिरी बिघडवल्या ती आपल्या देशात आली, तर भोवतालच्या विहिरी कारखाना चालू होण्याआधी कशा होत्या याची नोंद व्हायला हवी की नको? आधीची नोंद नसेल तर नंतरचे भांडण कशाच्या जोरावर भांडणार?

आपल्या उंबऱ्याशी या. कासुर्डीहून पुण्याकडे निघाले की लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत, शिरूरला रांजणगाव आहे. तेल आणि रसायन जिथे असते तिथे फेस ठेवावाच लागतो. तिथला फेस कोणत्या रसायनाचा, आणि तालमीच्या वेळी मारलेला फेस कोणत्या ओढ्याला जातो, एवढेच आम्ही विचारतो. आज फ्लोरिन नसलेला फेसही मिळतो. तेव्हा आग विझवायची की विहीर वाचवायची, असा पेच कोणी आपल्यापुढे टाकू नये.

कायदा काय म्हणतो? १९८६ साली दिल्लीच्या वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घातक धंदा करणाऱ्याने नुकसान केले तर ते त्याने भरायचेच, 'आमची चूक नव्हती' ही सबब चालणार नाही. राजस्थानातल्या बिछडी गावच्या शेतकऱ्यांच्या विहिरी कारखान्याच्या सांडपाण्याने नासल्या, त्या खटल्यात १९९६ साली याच न्यायालयाने घाण करणाऱ्यानेच साफ करण्याचा खर्च सोसावा हे तत्त्व लावले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यातच आहे. पण २०१० च्या त्या कायद्यात भरपाई मागायला मुदत पाच वर्षांची आहे, आणि ती कारण प्रथम घडले त्या दिवसापासून मोजतात. कर्करोग पाच वर्षांत थोडाच सांगून येतो! आणि तत्त्व कितीही चांगले असले तरी त्याने पोट भरत नाही. भोपाळला १९८४ साली वायू सुटला, १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर सौदा मिटला. भरपाई वाढवून मागणारी सरकारची याचिका २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

कापूसवाल्या भावांना तर हे सांगायलाच नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांतल्या काही कुटुंबांनी २०२० साली थेट स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. अशा वेळी प्रश्न पुन्हा तोच येतो. कोणते औषध फवारले होते? पावती कुठे आहे? डबा कुठे आहे? आणि आपल्याकडे काय होते? उधारीवर आणलेल्या औषधाची पावती नाही. डबा धुऊन घरात वापरला. मजुराचे नाव कोणत्याही वहीत नाही. विष खरे, मरण खरे, पुरावा तेवढा नाही.

म्हणून या बैठकीत आम्ही चार कामे मांडणार आहोत.

एक. गावातल्या प्रत्येक पिण्याच्या विहिरीची आणि बोअरची वही ठेवा. पाण्याची चव, वास, रंग, फेस, आजारी जनावर, मेलेले मासे, सगळे तारीख घालून लिहा. टेनंटचा कॅमेरा तो हाच.

दोन. कारखाने किंवा तेलाचे डेपो जवळ असलेल्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पीएफएएसची तपासणी नाव घेऊन मागावी. पाण्याच्या साध्या तपासणीत ही रसायने दिसत नाहीत. पोच घ्या, पोच जपा.

तीन. माहितीच्या अधिकारात औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्राला आणि सरकारी तेल कंपन्यांना विचारा. फेस कोणता, किती, तालीम कुठे होते, पाणी कुठे जाते? बंबावरची पोरे आपलीच आहेत. त्यांच्यासाठीही विचारा.

चार. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर तपासणीचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा. आजार कधी कळला, कोणते पाणी किती वर्षे प्यायले, काय काम केले, हे जिवंतपणी लिहून त्याच्या सहीने ठेवा.

कोणी म्हणेल, हे कारखान्यांच्या विरोधात आहे. मुळीच नाही. कोरडवाहू रानावर दोन भावांचे भागत नाही, एकाला कारखान्यात जावेच लागते. कारखाने हवेत. धंद्याला मोकळीक हवी हेही आम्ही म्हणतो. पण मोकळीक आणि जबाबदारी एकाच बैलजोडीचे दोन बैल आहेत. नफा कंपनीच्या खात्यात आणि तोटा शेजारच्या विहिरीत, याला बाजार म्हणत नाहीत. आपल्या ज्वारीत खडे निघाले तर व्यापारी कट्टी लावतो. मग आपल्या पाण्यात विष निघाले तर कट्टी कोणी कोणाला लावायची?

जिराईत शेतकऱ्याकडे विहिरीशिवाय दुसरे धन नाही. पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही. विहिरीची वही मात्र आपल्या हातात आहे. दोन रुपयांचा पेन लागतो आणि रोज पाच मिनिटे. कासुर्डीहून परत जाताना प्रत्येकाने निदान एवढे ठरवून जावे. भांडण कधी करावे लागेल, करावे लागेल की नाही, ते पुढचे पुढे. त्या दिवशी आपल्या हातात कागद असला पाहिजे.