कॉकेशसमधील अधांतरी तह

८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान आणि अझरबैजानचे अध्यक्ष इल्हाम अलियेव यांनी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांच्या साक्षीने हस्तांदोलन केले आणि नागोर्नो-काराबाखचा तंटा कायमचा मिटल्याची द्वाही फिरली. त्या दिवशी प्रत्यक्षात घडले ते याहून बरेच कमी होते. तहाच्या मसुद्यावर दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी आद्याक्षऱ्या केल्या. तहावर सह्या झाल्या नाहीत. सह्यांपूर्वी आर्मेनियाने आपली राज्यघटना बदलावी, अशी अझरबैजानची अट होती. आर्मेनियाच्या १९९५ च्या घटनेचा उपोद्घात १९९० च्या स्वातंत्र्यघोषणेचा हवाला देतो आणि ती घोषणा काराबाखशी एकीकरण करण्याच्या १९८९ च्या ठरावाचा हवाला देते. एका हवाल्यातील हवाल्यासाठी एखाद्या राष्ट्राला सार्वमत घ्यायला लावणे हा वरकरणी कायद्याचा कीस वाटेल. पण जेत्याला पराभूताकडून केवळ भूमी नको असते, कबुलीही हवी असते. युद्ध पुन्हा पेटेल काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही मनोवृत्ती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

या साऱ्या अनर्थाचे खापर स्टालिनच्या माथी फोडण्याची रीत आहे. १९२१ मध्ये बोल्शेविक पक्षाच्या कॉकेशस कार्यालयाने काराबाख अझरबैजानमध्ये ठेवण्याचा निर्णय घेतला आणि १९२३ मध्ये सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचा स्वायत्त प्रांत निर्माण झाला, हे खरेच आहे. त्या वेळी तेथील दहांपैकी नऊहून अधिक रहिवासी आर्मेनियन होते, हेही खरे. परंतु १९०५ साली आणि पुन्हा १९१८ ते १९२० या काळात बाकूमध्ये व शुशामध्ये या दोन समाजांनी एकमेकांच्या कत्तली केल्या, तेव्हा नकाशावर रेघ ओढायला स्टालिन नव्हता. सोव्हिएत राजवटीने वैर निर्माण केले नाही. तिने ते सत्तर वर्षे झाकून ठेवले. फेब्रुवारी १९८८ मध्ये प्रांतिक सोव्हिएतने आर्मेनियात सामील होण्याची मागणी केली, त्याच महिन्यात सुमगाइतमध्ये आर्मेनियनांवर हल्ले झाले, आणि झाकण उडाले. पुढे फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजालीतून पळणारे शेकडो अझेरी नागरिक मारले गेले. कोणत्याही एका बाजूची शोकगाथा पूर्ण सत्य सांगत नाही, ती या कारणाने.

मे १९९४ मध्ये युद्धबंदी झाली तेव्हा सुमारे तीस हजार माणसे मेली होती आणि आर्मेनियन सैन्याच्या ताब्यात काराबाखच नव्हे, तर त्याभोवतीच्या सात जिल्ह्यांचा सर्व किंवा बराचसा मुलूख होता. या जिल्ह्यांत वस्ती अझेरींची होती. लाखो लोक निर्वासित झाले, आणि आगदामसारखे भरले शहर दगडविटांच्या ढिगाऱ्यात जमा झाले. हे जिल्हे सौद्यात परत देऊन काराबाखची स्वायत्तता पदरात पाडून घेण्याची संधी येरेवानपाशी सव्वीस वर्षे होती. ती घेतली गेली नाही. काळ आपल्या बाजूने आहे असे विजेत्याला वाटत राहिले. काळ मात्र बाकूच्या तेलविहिरींच्या बाजूने होता. अमेरिका, रशिया व फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखालील मिन्स्क गट १९९२ पासून बैठका घेत होता. मुत्सद्द्यांनी या स्थितीला ‘गोठलेला संघर्ष’ असे नाव दिले होते. त्या नावाने फार नुकसान केले आहे. गोठलेल्या वस्तूला कोणी हात लावीत नाही. येथे तर एक पक्ष तेलाच्या पैशातून तुर्की व इस्रायली ड्रोन खरेदी करीत होता आणि दुसरा खंदकांवर विसंबून होता.

२७ सप्टेंबर २०२० पासून चव्वेचाळीस दिवसांत निकाल लागला. शुशा पडले आणि रशियाच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली. १,९६० रशियन शांतिसैनिक आले. डिसेंबर २०२२ मध्ये लाचिनचा रस्ता अडवला गेला तेव्हा हे सैनिक पाहत राहिले. १९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचा हल्ला झाला तेव्हाही त्यांनी काही केले नाही. एका आठवडाभरात लाखाहून अधिक आर्मेनियनांनी, म्हणजे जवळजवळ सर्वांनी, काराबाख सोडले. १ जानेवारी २०२४ रोजी तेथील स्वघोषित प्रजासत्ताक संपुष्टात आले, आणि त्याच वर्षी रशियन सैनिकही परतले.

तेव्हा काराबाखसाठी पुन्हा युद्ध होईल, ही भीती निराधार आहे. लढायला तेथे आर्मेनियन उरलेले नाहीत. धोका दक्षिणेला, आर्मेनियाच्या स्युनिक प्रांतात सरकला आहे. अझरबैजान आणि त्याचाच विलग तुकडा असलेला नाखिचेवान यांच्यामध्ये हा प्रांत पाचरीसारखा आहे. अरस नदीकाठच्या मेघ्रीवरून सोव्हिएत काळात आगगाडी धावत असे. युद्धाने ती बंद पडली. हा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा मार्ग बाकूला ‘झांगेझूर कॉरिडॉर’ म्हणून हवा होता, तोही आर्मेनियाच्या तपासणीवाचून. आणि दिला नाही तर बळाने घेऊ, अशी भाषा अलियेव यांनी २०२१ मध्ये केली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये अझरबैजानचे सैन्य जेर्मुकच्या परिसरात घुसले. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून जवळजवळ तीनशे जण मारले गेले. ही काराबाखची नव्हे, तर जगाने मान्य केलेली आर्मेनियाची भूमी होती.

वॉशिंग्टनच्या समझोत्याने हा मार्ग आर्मेनियाच्या सार्वभौमत्वाखाली ठेवून त्याच्या विकासाचे हक्क अमेरिकेला देण्याचे ठरले, आणि त्याला ट्रम्प यांचे नाव दिले गेले. योजना हुशारीची आहे. अमेरिकी कंपन्यांचा पैसा गुंतलेल्या रस्त्यावर तोफा डागण्यापूर्वी बाकू दोनदा विचार करील, हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि दूरच्या संरक्षकावर भरवसा ठेवण्याचे फळ आर्मेनियाने रशियाच्या बाबतीत एकदा भोगले आहे. सामूहिक सुरक्षा करारातील आपला सहभाग त्याने २०२४ मध्ये गोठवला तो त्यामुळेच. शिवाय आपल्या उत्तर सीमेला अमेरिका येऊन बसणे इराणला मानवणारे नाही.

युद्धाची शक्यता कमी करणारी एक गोष्ट नि:संशय मोठी आहे: पाशिन्यान यांनी पराभव उघडपणे मान्य केला. काराबाख अझरबैजानचा भाग आहे, हे त्यांनी स्वदेशात शिव्याशाप सोसून सांगितले. याच्या तोडीचे औदार्य दुसऱ्या बाजूने दिसले नाही. काराबाखच्या माजी नेत्यांवर जानेवारी २०२५ पासून बाकूच्या लष्करी न्यायालयात खटले चालले. आणि आर्मेनियाच्या भूमीला ‘पश्चिम अझरबैजान’ म्हणण्याची, १९८८ च्या सुमारास तेथून हाकलल्या गेलेल्या अझेरींच्या परतीची मागणी पुढे करण्याची चाल सरकारी आश्रयाने वाढली. त्या लोकांचे दुःख खरे आहे. पण २०२३ मध्ये निघून गेलेल्या लाखभर आर्मेनियनांच्या परतीचा शब्दही न काढता ती मागणी होते, तेव्हा तिच्यात न्यायापेक्षा दाव्याचा सूर अधिक ऐकू येतो.

भारताला हा वाद परका नाही. आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले वृत्तपत्र ‘अझदारार’ १७९४ मध्ये मद्रासला निघाले, ही जुनी गोष्ट झाली. नवी गोष्ट अशी की, पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झालेली पिनाक अग्निबाण प्रणाली भारताने आर्मेनियाला विकली आहे. तुर्कस्तान व पाकिस्तान अझरबैजानच्या पाठीशी असल्याने आपल्याकडे हा व्यवहार शत्रूच्या मित्राला शह म्हणून मिरवला गेला. ते उथळपणाचे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्ताननेच आर्मेनियाशी राजनैतिक संबंध जोडले, आणि बुद्धिबळाचा पट क्षणात बदलला. दुबळ्या बाजूला बचावाची शस्त्रे देणे समर्थनीय आहे. परंतु मुंबईहून इराणमार्गे रशियाकडे जाणाऱ्या उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाची एक मोठी शाखा अझरबैजानमधून जाते, हे विसरून दिल्लीला चालणार नाही. दिल्लीने पिनाकबरोबर बाकूशी बोलणेही चालू ठेवावे, आणि दोन्ही राजधान्यांना एकच प्रश्न विचारीत राहावे: आद्याक्षऱ्यांच्या सह्या कधी होणार?