डिस्पाइट द सर्व्हर वॉज डाऊन

गुरुवारी आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने क्लायंटला मेल टाकला. त्यात एक वाक्य होतं, 'डिस्पाइट द सर्व्हर वॉज डाऊन, वी कम्प्लीटेड द टेस्टिंग.' पाच मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट आमच्या ग्रूपवर आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पोरगा मराठी माध्यमातला. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं उभं करून रात्री दोनपर्यंत टेस्टिंग त्यानेच संपवलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. राहिलं ते डिस्पाइट.

दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा घेताना त्याने हळूच विचारलं, "दादा, डिस्पाइट म्हणजे 'असूनही'च ना? मग चुकलं काय?"

चूक आहे हे मला कळत होतं, पण का ते सांगता येईना. मग हसणाऱ्यांपैकी तिघांना विचारलं. तिघेही इंग्रजी माध्यमाचे. उत्तर एकच, "अरे, ऐकायला विचित्र वाटतं." धन्य!

शाळेत आपल्याला याद्या मिळाल्या. प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय: इन, ऑन, बिफोर, आफ्टर. कंजंक्शन म्हणजे उभयान्वयी: अँड, बट, बिकॉज. पाठ करा, विषय संपला. पण नुसता शब्द बघून जात सांगताच येत नाही, पुढे काय आलंय ते बघावं लागतं. पुढे नाम किंवा सर्वनाम असेल तर प्रिपोझिशन. कर्ता-क्रियापदासकट अख्खं वाक्य असेल तर कंजंक्शन. 'बिफोर द मीटिंग' मधला बिफोर पहिल्या जातीचा, 'बिफोर द मीटिंग स्टार्ट्स' मधला दुसऱ्या. ('बिफोर लीव्हिंग' मध्ये फसू नका. लीव्हिंग दिसतं क्रियापदासारखं, पण काम नामाचं करतं, म्हणून प्रिपोझिशन.)

आपल्या धंद्यातलं फंक्शन ओव्हरलोडिंगच की हे! नाव एकच, आर्ग्युमेंटचा टाइप बघून कुठलं ते ठरतं. बिफोर, आफ्टर, सिन्स, अनटिल यांना दोन्ही चालतात. डिस्पाइट आणि ड्युरिंगला मात्र पुढे असं वाक्य चालत नाही. तिथे ऑल्दो आणि व्हाइल लागतात. म्हणजे 'ऑल्दो द सर्व्हर वॉज डाऊन' किंवा 'डिस्पाइट द सर्व्हर बीइंग डाऊन'. संपलं.

पण खरी गोची मराठीत आहे, आणि ती मला शाळेत कुणीही सांगितली नाही. आपण 'मीटिंगपूर्वी' म्हणतो आणि 'मीटिंग सुरू होण्यापूर्वी'ही म्हणतो. इंग्रजी जिथे पूर्ण वाक्य ठेवतं, तिथे आपण बहुतेक वेळा क्रियापदाचं कृदन्त करून वाक्याची घडी घालतो आणि त्यालाच पूर्वी, नंतर, पर्यंत चिकटवून टाकतो. 'तो निघण्यापूर्वी', 'तो गेल्यानंतर', 'पाऊस पडत असूनही'. दोन्हीकडे आपल्या कानाला एकच गोष्ट ऐकू येते. 'सर्व्हर बंद असूनही' हे अस्सल मराठी वाक्य त्या पोराने इमानदारीत इंग्रजीत नेलं, इतकंच. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी मराठीचं व्याकरण उघडावं.

माझं तर म्हणणं आहे की मराठी शाळांत हा धडा इथूनच सुरू करावा. फळ्यावर 'जेवल्यानंतर' लिहावं आणि पोरांना त्याची दोन इंग्रजी रूपं करायला लावावीत, 'आफ्टर ईटिंग' आणि 'आफ्टर ही एट'. यादी आपोआप गळून पडेल.

गंमत म्हणजे या दोन जातींवर इंग्रजीच्या पंडितांचंही एकमत नाही. ओटो येस्पर्सनने 1924 सालीच विचारलं होतं की 'बिलीव्ह'पुढे नाम येवो वा वाक्य, आपण त्याला क्रियापदच म्हणतो, मग बिफोरचेच दोन तुकडे कशाला? 2002 साली आलेल्या केंब्रिजच्या जाडजूड व्याकरणानेही वाक्याआधीच्या बिफोर-आफ्टरला प्रिपोझिशनच म्हटलंय. मला पटतं हे. पण नाव काहीही द्या, कुठल्या शब्दाला पुढे काय चालतं हे कोणीतरी नीट सांगायला हवंच ना?

असो. शुक्रवारी घरी निघताना मी त्याला हे सगळं एका कागदावर काढून दिलं. रात्री अकराला त्याचा मेसेज: "दादा, 'एव्हरीवन बट हिम' मधला बट कुठल्या जातीचा?"

सोमवारी सांगतो म्हटलंय.