ठेवीची मुदत मध्येच बदलली, तर?

परदेशी गेलेल्या मुलाची चौकशी करताना आपल्याकडे पगार विचारतात, थंडी विचारतात, डाळ-तांदूळ मिळतात का तेही विचारतात. त्याच्या राहण्याच्या परवान्याची मुदत किती आणि त्यासाठी त्याने काय मोजले, हे कुणी विचारत नाही. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांत मात्र अलीकडे फोनवरच्या गप्पा फिरून फिरून तिथेच येतात.

एप्रिल २०१५ मध्ये ब्रिटनने बाहेरून राहायला येणाऱ्यांवर आरोग्य अधिभार बसवला. माणशी वर्षाला २०० पौंड. व्हिसाच्या अर्जाबरोबरच तो भरायचा, आणि बदल्यात ‘एनएचएस’ या सरकारी आरोग्यसेवेचे दरवाजे तिथल्या रहिवाशासारखे खुले. यात वावगे काही नव्हते. दुसऱ्याच्या घरी राहायचे तर खानावळीचे पैसे द्यावेतच. पण जानेवारी २०१९ मध्ये हा दर ४०० झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४, आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड. मुले आणि विद्यार्थी यांना ७७६. नऊ वर्षांत पाचपट!

बँकेतली जुनी खोड, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नवरा, बायको, दोन मुले, पाच वर्षांचा व्हिसा. मोठ्यांचे १०,३५० आणि मुलांचे ७,७६० मिळून १८,११० पौंड. पौंडाला ११० रुपये धरले तरी वीस लाखांच्या घरात. हे पैसे दरमहा हप्त्याने नव्हे, आगाऊ आणि एकरकमी भरायचे. व्हिसा नाकारला तर ते परत मिळतात. पण नोकरी गेली आणि दोन वर्षांत गाशा गुंडाळला, तर उरलेल्या तीन वर्षांचे पैसे बुडाले. शिवाय पगारातून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातोच. एकाच खिडकीवर दोनदा पावती फाडण्यासारखे हे आहे. दुबईने २०१३ च्या कायद्याने नोकराच्या आरोग्यविम्याचा हप्ता मालकावर टाकला आणि तो पगारातून कापायला बंदी केली. ब्रिटनमध्ये कंपनीने उदार होऊन अधिभार भरला तर भरला. तशी सक्ती नाही. मे २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या वाटाघाटी संपल्या. कंपनीने तात्पुरते पाठवलेल्यांना तीन वर्षे नॅशनल इन्शुरन्समधून सूट द्यायचे तेव्हा ठरले, पण अधिभार त्यांनाही चुकला नाही.

तरीही लोकांनी तो मुकाट्याने भरला, कारण पलीकडचा काठ दिसत होता. सलग पाच वर्षे काम केले की कायम वास्तव्याचा अर्ज करता येई. ते मिळाले की अधिभार संपला. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने हा काठच दूर सरकवला. पाचाऐवजी दहा वर्षे, असा विचार तिने मांडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सविस्तर प्रस्ताव आला आणि त्यावर फेब्रुवारी २०२६ पर्यंत मते मागवली गेली. त्यातली खरी मेख वेगळीच होती. देशात आधीच असलेल्या, पण कायम वास्तव्य न मिळालेल्या लोकांनाही नवी मुदत लावायचे त्यात सुचवले होते. सलग तीन वर्षे ५०,२७० पौंडांवर कमाई दाखवणाऱ्याला पाच वर्षांची सूट होती, म्हणजे सॉफ्टवेअरमधला वरिष्ठ अधिकारी सुटेल. त्याच्या बायकोचा हिशोब मात्र वेगळा मांडला जाणार. वृद्धांची देखभाल करणारे केअर वर्कर तर पंधरा वर्षांच्या रांगेत. त्यांना अधिभार माफ आहे, एवढाच दिलासा.

कायम वास्तव्य हा हक्क नसून ते कमवावे लागते, असे तिथले सरकार म्हणते. म्हणू दे. कुणाला घरात घ्यायचे हे घरमालकानेच ठरवावे. पण मुदत ठेवीचे व्याजदर मी नोकरीत असताना किती वेळा बदलले, त्याची गणती नाही. नवा दर नव्या ठेवीला लागायचा. जुन्या ठेवीदाराला ‘तुमची पाच वर्षांची पावती आता दहा वर्षांची समजा’ असे सांगायची कुणाची छाती झाली नसती. आणि इथे ठेव म्हणजे नुसता पैसा नव्हे. सोडलेली नोकरी, विकलेला फ्लॅट, मुलांची मोडलेली शाळा हेही त्यात आले.

ब्रिटनने हे पूर्वीही करून पाहिले आहे. उच्चकुशल स्थलांतरितांसाठी २००२ मध्ये एक योजना निघाली. ब्रिटन हेच आपले मुख्य घर करू, असे त्यात येणाऱ्यांकडून लिहून घेत. २००६ मध्ये कायम वास्तव्याची मुदत चारवरून पाच वर्षे झाली, मुदतवाढीचे निकषही बदलले, आणि दोन्ही गोष्टी आधी आलेल्यांना लावल्या गेल्या. त्यात भारतीयांची संख्या मोठी होती. मंडळी न्यायालयात गेली. लंडनच्या उच्च न्यायालयाने एप्रिल २००८ मध्ये निकषांबाबत आणि एप्रिल २००९ मध्ये चार वर्षांच्या मुदतीबाबत त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या अटींवर माणसे बोलावली त्या पाळाव्यात, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा प्रश्न एका वर्षाचा होता, आता पाचांचा आहे.

मुदत लांबली की इथल्या आईवडिलांचेही काही लांबते. त्यांना तिकडे कायमचे न्यायचे तर मुलाचे स्वतःचे वास्तव्य आधी कायम हवे. जाताना बासष्टचे असलेले वडील दहा वर्षांनी बहात्तरचे होतात. त्यानंतरही जुलै २०१२ चा नियम आडवा येतोच: रोजच्या उठण्या-बसण्याला दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत भारतात मिळूच शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावे लागते. पुण्या-मुंबईत बाई ठेवता येते, हे एक उत्तर अर्ज फेटाळायला पुरते.

राहतो तो पर्यटक व्हिसा, एका खेपेला सहा महिन्यांचा. त्यावर अधिभार नाही, म्हणून आपली मंडळी खूश असतात. पण अपघात विभागातले उपचार मोफत असले, तरी पुढे वॉर्डात दाखल व्हावे लागले तर पाहुण्याला ठरलेल्या दराच्या दीडपट बिल येते. ५०० पौंडांहून अधिक थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा निघण्यापूर्वी प्रवासविमा काढताना मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी सारे त्या अर्जात लिहावे. हप्ता थोडा वाढतो म्हणून ते गाळणारे बरेच असतात, आणि विमा कंपनी ते शोधून काढते ते दावा दाखल झाल्यावर.