कान तुमचे, खिसाही तुमचाच

नवीन सेमिस्टर सुरू झालं की वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : ‘हजार-दीड हजारात भारी हेडफोन सांगा रे.’ पुढच्या दहा मिनिटांत अकरा उत्तरं येतात. एक म्हणतो हे घे, बेस खतरनाक आहे. दुसरा म्हणतो तो बेस नाही, ढोल आहे नुसता, ते घे. तिसरी म्हणते वायरचे कोण वापरतं आता? चौथा पाच हजारांची लिंक टाकतो आणि वर लिहितो, ‘थोडं बजेट वाढव ना.’ विचारणारा गोंधळतो आणि सेल लागल्यावर ज्याला जास्त स्टार आहेत ते घेऊन मोकळा होतो.

गंमत अशी की त्या अकरापैकी बहुतेक जण खरंच बोलत असतात. प्रत्येकाने आपल्या कानाला काय आवडलं ते सांगितलेलं असतं. ‘तू ऐकतोस काय?’ हा प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नसतो.

आधी तेवढं बघू. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यातला खालचा, अडीचशेच्या आतला भाग म्हणजे बेस. डग्ग्याची घुमक, पखवाज, डीजेचा छातीत बसणारा ठोका तिथे राहतो. मधल्या भागात माणसाचा गळा, हार्मोनियम, गिटार. वर टाळ, झांजा, ‘स’ आणि ‘श’ची धार. स्वस्तातले बरेच हेडफोन यातला खालचा आणि वरचा भाग उचलून देतात आणि मधला मागे ढकलतात. आलेख काढला तर इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो, म्हणून या जातीला ‘व्ही शेप’ म्हणतात. कंपन्या मूर्ख नाहीत. दुकानात मिनिटभर ऐकणाऱ्याला हाच आवाज जोरदार वाटतो.

‘झिंगाट’साठी हा आवाज मस्तच आहे. पण त्याच ‘सैराट’च्या संगीतातला मोठा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला रेकॉर्ड करून घेतला होता. व्हायोलिनचे ते थर ऐकायचे असतील तर फुगलेला बेस त्यांच्यावर चादर टाकतो. आणि आजोबांमुळे तुम्हाला बालगंधर्वांची नाट्यपदं ऐकायची सवय लागली असेल, तर ७८ आरपीएमच्या त्या तबकड्यांवर खोल बेस जवळपास नाहीच. जे आहे ते सगळं मधल्या भागात. तिथे व्ही शेप लावला की गळा मागे जातो आणि तबकडीची खरखर पुढे येते. पॉडकास्ट आणि लेक्चरचंही तेच. म्हणजे एकच हेडफोन एकाच माणसाला सकाळी आवडू शकतो आणि संध्याकाळी नकोसा होऊ शकतो.

आता कानाचं. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, एका बाजूला पडद्याने बंद. बासरीसारखीच ती स्वतःचा एक सूर धरते, साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास, आणि तिथला आवाज आपोआप मोठा करते. लहानपणापासून आपण जग असंच ऐकतो, त्यामुळे ते जाणवत नाही. इअरफोन आत घातला की ही नैसर्गिक वाढ बिघडते आणि बनवणाऱ्याला ती मुद्दाम परत घालावी लागते. पण किती? तुमची नळी आणि तुमच्या रूममेटची नळी सारखी नाही. त्याला जो आवाज मोकळा वाटतो तो तुम्हाला टोचू शकतो. यात कोणाचा कान ‘कच्चा’ असण्याचा प्रश्नच नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे या छंदात एक जातिव्यवस्था आहे. बेस आवडणारा तळाला. ‘क्लिअर’, ‘न्यूट्रल’ असे शब्द वापरणारा वर. ज्याला आवडतो त्याने हळूच आवाजात कबूल करायचं. आम्हाला हे पटत नाही, आणि पटत नाही त्याला आधारही आहे. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमन या कंपनीत वर्षानुवर्षं लोकांना हेडफोनची नावं न सांगता आवाज ऐकवले आणि काय आवडलं ते नोंदवलं. (जेबीएल हा ब्रँड हरमनचाच, त्यामुळे त्यांचा स्वार्थ होता हे लक्षात ठेवा. पण निष्कर्ष त्यांनी सगळ्यांसाठी छापले.) त्यात ६४ टक्के लोकांना साधारण एकच घडण आवडली : बेस थोडा वर, गळा स्वच्छ, ट्रेबल आटोक्यात. १५ टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता. २१ टक्क्यांना कमी. जास्त बेसवाल्यांत तरुण मुलगे जास्त होते, कमी बेसवाल्यांत बायका आणि पन्नाशी ओलांडलेले जास्त. आई ‘किती धडधड करतंय ते’ म्हणते तेव्हा ती उगाच कटकट करत नसते. तिला खरंच वेगळा आवाज हवा असतो.

या आकड्यांचे दोन अर्थ निघतात. पहिला, बहुसंख्यांची आवड फार दूर दूर नसते, म्हणजे ‘सगळं सापेक्ष आहे’ म्हणून कुठलाही डबा घेऊ नका. दुसरा, तीनातला एक जण त्या बहुमताबाहेर आहे, आणि तो तुम्ही असू शकता.

पैशांचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. मेसचे पैसे, पास, झेरॉक्स आणि रविवारची मिसळ जाऊन उरलेल्या रकमेतून हे घ्यायचं असतं. जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. आवाजाची घडण आणि किंमत यांचा संबंधच सापडला नाही. महागड्या वस्तूत पैसे कशाचे जातात? बनावट, गादी, आवाज अडवणारी यंत्रणा, माइक, डबी, जाहिरातीतला क्रिकेटर. यातलं काही तुम्हाला हवं असेल तर जरूर द्या पैसे. पण ‘महाग म्हणजे आवाज चांगला’ या समजुतीने देऊ नका.

सुरुवात करणाऱ्याने आधी वायरवालाच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. हे मत कॅम्पसवर अजिबात चालत नाही, माहिती आहे. पण हिशोब बघा. हजार-दीड हजारांच्या बिनवायरी जोडीत तेवढ्याच पैशांत दोन बॅटऱ्या, ब्लूटूथची चिप, चार्जिंगची डबी आणि तिची तिसरी बॅटरी बसवायची असते. आवाजासाठी उरतं काय? त्या चिमुकल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दमतात आणि बदलून मिळत नाहीत, एक बाजू गटारात पडली तर दुसरी असून नसून सारखी. वायरच्या जोडीत सगळा पैसा आवाजाकडे जातो. मूनड्रॉप, केझेड, सेव्हनहर्ट्झ अशा चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत या किमतीत जे दिलंय, ते आधीच्या पिढीला अनेक पटींनी महाग मिळत होतं. यांच्या बऱ्याच मॉडेलची वायर सुटी होते. तुटली तर वायर बदलायची, इअरफोन नाही. फोनला ३.५ एमएमचं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल लागतो, तो बजेटमध्ये आधीच धरा. जिममध्ये पळताना वायर नकोच, हे मान्य. गेम खेळणाऱ्यांना मात्र उलट वायरच बरी, ब्लूटूथवर गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो.

खोक्यावर काय छापलंय याकडे दुर्लक्ष करा. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ सगळेच छापतात, त्यातला कुठला भाग किती मोठा ते कोणी छापत नाही. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा यावरूनही आवाज कळत नाही.

नवीन घेण्याआधी एक फुकटचं काम करा. तुमच्या सध्याच्या इअरफोनबरोबर तीन मापांचे रबरी टिप आले होते. दोन जोड्या कुठे आहेत? बहुतेकांनी त्या खोक्यासकट फेकलेल्या असतात. टिप नीट बसला नाही, फट राहिली, की सगळ्यात आधी बेस गळतो. ‘यात बेसच नाही’ या तक्रारीचं उत्तर खूपदा दोन रुपयांच्या रबरात असतं. दोन्ही कानांना वेगळं माप लागणंही अगदी सर्रास आहे.

दुसरं फुकटचं काम इक्वलायझर. स्पॉटिफायमध्ये तो असतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये असतो, नाहीतर वेव्हलेटसारखं अॅप घ्या. त्यात अनेक मॉडेलची तयार दुरुस्ती मिळते. हाताने करायचं असेल तर एकदम डोंगर उभे करू नका. आवाज टोचतोय? वरच्या पट्ट्या दोन-तीन डेसिबल खाली. गळा मागे वाटतोय? बेस खाली आणा, गळा आपोआप पुढे येतो. काही वाढवलंत तर एकूण आवाज तेवढा उतरवा, नाहीतर फाटतो. आठवडाभर हा खेळ करा. तुम्हाला नक्की काय आवडतं हे कळायला यासारखा दुसरा रस्ता नाही, आणि कळलं की रिव्ह्यूतले शब्दही उलगडतात. ‘वॉर्म’ म्हणजे बेसकडे झुकलेला, ‘ब्राइट’ म्हणजे वरचा भाग उठलेला. मग रिव्ह्यू करणारा किती प्रसिद्ध आहे यापेक्षा त्याची आवड तुमच्याशी जुळते का ते बघता येतं. तुम्हाला आवडलेल्या वस्तूला त्याने शिव्या घातल्या असतील तरी तो उपयोगाचा आहे, उलटं वाचायचं!

दुकानात, मग ते पुण्यातली तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, आपल्या फोनवरचं आपलंच गाणं लावा. शंभर वेळा ऐकलेलं. दुकानदाराचं डेमो गाणं हे दुकानदाराच्या मालासाठी निवडलेलं असतं. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. हलक्या आवाजात आपल्याला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. त्यामुळे जरा मोठा वाजणारा नेहमीच ‘भरीव’ वाटतो आणि जिंकतो. मित्राचे मागून दोन दिवस वापरता आले तर सगळ्यात उत्तम, फक्त टिप आपले लावा. दुसऱ्याच्या कानातला मळ उसना घेऊ नका. ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत आधी वाचा. कानात घालायच्या वस्तू काही ठिकाणी परत घेत नाहीत.

आणि आवाज किती मोठा ठेवता? विषय कंटाळवाणा आहे, पण इथे चूक झाली तर वस्तू नाही, कान जातो, आणि त्याला वॉरंटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात. ९० डेसिबलला फक्त चार. लोकलमध्ये किंवा एसटीत खिडकीजवळ बसून सैल इअरफोनवर ऐकणारा माणूस गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत नेतो आणि त्या चार तासांत कधी पोचला हे त्याला कळत नाही. घट्ट बसणारा टिप इथेही कामाला येतो : बाहेरचा गोंगाट आत कमी, म्हणून गाणंही हळू चालतं. अर्थात असा कान बंद करून रूळ किंवा रस्ता ओलांडू नका. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा घालता येते, ती शांत खोलीत बसून ठरवा. इअरफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर त्या दिवशी पुन्हा घालू नका. दुसऱ्या दिवशीही वाजत राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.