ट्रॉलीचा ब्रेक लाइट का लागत नाही? ऊसहंगामाआधी समजून घ्या सात तारांचं गणित

बारामती-इंदापूर पालखी मार्गावर शेळगावजवळ रात्री दुचाकी चालवणाऱ्याला एक दृश्य ओळखीचं आहे. पुढे काहीतरी काळं दिसतं, जवळ गेल्यावर ती उसाची ट्रॉली निघते. ट्रॅक्टरवर रंगीत दिव्यांच्या माळा आणि मोठ्या आवाजात गाणी, पण शेवटच्या ट्रॉलीच्या मागे एकही दिवा नाही. भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी शंकरराव पाटील, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या या पट्ट्यात हंगामात रात्रभर ऊस वाहतो. रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. ट्रॉलीचा वेग होता तोच राहिला.

हिशेब साधा आहे. दुचाकी ताशी ६० किलोमीटरने येत असेल, तर ती सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. रस्त्यात उभी असलेली ट्रॉली ५० मीटरवर दिसली, तर हातात फक्त ३ सेकंद उरतात. त्यातला निम्मा वेळ ब्रेक दाबायचा निर्णय घेण्यातच जातो.

रिफ्लेक्टर लावला, मग दिवा कशाला?

हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि परिवहन विभाग ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. ते चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर चमकतो आणि फक्त एवढंच सांगतो, की इथे काहीतरी आहे. ट्रॅक्टर थांबतोय की उजवीकडे शेताच्या रस्त्याला वळतोय, हे तो सांगू शकत नाही. मागचा दुचाकीवाला उजवीकडून ओव्हरटेक करायला निघतो आणि त्याच क्षणी ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. ही टक्कर रिफ्लेक्टर टाळू शकत नाही, इंडिकेटर टाळू शकतो.

सात पिनांचं सॉकेट

बहुतेक ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉलीसाठी गोल, सात पिनांचं सॉकेट असतं. अनेकांचं ते झाकण उघडलेलंही नसतं. आंतरराष्ट्रीय मांडणीनुसार पहिली पिन डाव्या इंडिकेटरची, चौथी उजव्या इंडिकेटरची, सहावी ब्रेक लाइटची, पाचवी आणि सातवी टेल लॅम्पची, तिसरी अर्थची. दुसरी पिन मागच्या फॉग लॅम्पसाठी असते, आपल्याकडे ती बहुधा रिकामीच राहते. तारांचे रंगही ठरलेले आहेत: डावा इंडिकेटर पिवळा, उजवा हिरवा, ब्रेक लाल, अर्थ पांढरा. मात्र गावात बनलेल्या ट्रॉलीत दुकानात जी तार मिळाली ती ओढलेली असते. त्यामुळे रंगावर विश्वास ठेवू नका. टेस्ट लॅम्प घ्या, ट्रॅक्टरवर एकेक स्विच चालू करा आणि कोणत्या पिनवर करंट येतो ते पाहा. या कामाला दहा मिनिटं लागतात.

इंटरनेटवर या विषयाचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यातले बरेच अमेरिकन ट्रेलरचे. तिथल्या साध्या ट्रेलरला चारच तारा असतात आणि ब्रेक व इंडिकेटरचं काम एकच लाल बल्ब करतो. आपल्याकडे ब्रेकचा दिवा लाल आणि इंडिकेटर वेगळा, पिवळा. तो व्हिडिओ पाहून तारा जोडल्या, तर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटेल.

खरी गोम अर्थमध्ये

ट्रॉलीचे दिवे मंद लागतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, एक लावला की दुसरा विझतो. अशी तक्रार आली की लोक बल्ब बदलतात. दोष बहुतेकदा अर्थचा असतो. अनेक ट्रॉल्यांत वेगळी अर्थची तार नसतेच. करंट चेसिसमधून आणि हुकाच्या पिनमधून परत जाईल, असं गृहीत धरलेलं असतं. पण हुकाला ग्रीस, माती आणि गंज. ट्रॉली हलली की संपर्क तुटतो. मग परतीचा रस्ता न मिळालेला करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो आणि दोन्ही अर्धवट पेटतात. म्हणून तिसऱ्या पिनपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र अर्थची तार ओढा, हुकावर अवलंबून राहू नका.

तारेची जाडीही महत्त्वाची आहे. ब्रेकचे दोन बल्ब प्रत्येकी २१ वॅटचे, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर करंट. अर्ध्या स्क्वेअर एमएमची तार १० मीटर नेली आणि तेवढीच परत आणली, तर वाटेतच सुमारे २.४ व्होल्ट खर्च होतात. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने घटलं की साध्या बल्बचा उजेड निम्म्याहून खाली येतो. तीच तार दीड एमएमची घेतली, तर नुकसान १ व्होल्टच्या आत राहतं. स्वस्तातली बारीक तार इथे महाग पडते.

मागे दुसरी ट्रॉली जोडणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. ट्रॅक्टरचे दोन आणि ट्रॉल्यांचे चार मिळून ब्रेकचे सहा बल्ब झाले, म्हणजे १२६ वॅट, साडेदहा अँपिअर. हा भार ब्रेकच्या छोट्या स्विचवर टाकला तर तो जळणार. बॅटरीवरून फ्यूजसह वेगळी तार घेऊन मध्ये रिले बसवावा, किंवा एलईडी दिवे वापरावेत. एलईडी करंट फारच कमी घेतात, पण जुन्या फ्लॅशरला तेवढा कमी भार कळत नाही आणि इंडिकेटरची लय बिघडते. त्यासाठी एलईडीचा फ्लॅशर वेगळा मिळतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे.

दिवा लावायचा कुठे?

ट्रॉलीच्या मागच्या आडव्या लोखंडावर दिवा बसवला, तर ऊस भरल्यावर वाढे त्याच्यावर लोंबतात. दिवा चालू असूनही दिसत नाही. खाली करताना तो फुटतो तो वेगळाच. त्यावर सोपा मार्ग म्हणजे सुटा लाइट बोर्ड. लोखंडी पट्टीवर दोन्ही बाजूंचे दिवे आणि रिफ्लेक्टर, सोबत लांब केबल. ऊस भरून झाला की सगळ्यात मागे बांधायचा, गव्हाणीजवळ काढून घ्यायचा. ट्रॉली बदलली तरी बोर्ड तोच चालतो.

ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो, शेतात वळायला. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पायडल पट्टीने जोडले नाहीत, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचतो. शिवाय ब्रेक लाइटचा स्विच एकाच पायडलला असेल, तर दुसरा दाबल्यावर मागे काहीच पेटत नाही. अनेक चालक तर ब्रेक न दाबता गिअर आणि रेसवरच वेग कमी करतात. अशा वेळी दिवा लागणार नाही. थांबण्याआधी पायडल हलकं दाबण्याची सवय लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिवे, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर या सगळ्याची तरतूद आहे. अंमलबजावणीसाठी मात्र पोलिसांनी रात्री रस्त्यावर उभं राहणं हा एकच मार्ग नाही. उसाचं प्रत्येक वाहन कारखान्याच्या वजनकाट्यावर येतंच आणि त्याआधी यार्डात तासन् तास उभं असतं. तिथे एक वायरमन, टेस्ट लॅम्प आणि बल्बचा डबा ठेवला, तर तपासणी आणि दुरुस्ती नंबर येईपर्यंत होऊन जाईल. वाहतूक करार करतानाच चालू दिव्यांची अट घालणं कारखान्यांच्या हातात आहे. परतताना रिकाम्या ट्रॉलीचेही दिवे तपासायला हवेत. ती अंधारात आणखी कमी दिसते.