बिल्ल्याचा भाव

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पोलिसांचे बिल्ले, कॉलरपट्ट्या, कमरपट्ट्याची बक्कलं जमवणारे लोक जगभर आहेत. भावही बरा मिळतो. भाव आहे म्हटल्यावर नकली माल आलाच. त्या बक्कलवर मधोमध नाझींचं स्वस्तिक आणि सोबत तीन शब्द असत : ‘गोट मिट उन्स’, देव आमच्यासोबत. नाताळात आपण ‘इम्मानुएल’ म्हणतो, त्याचा अर्थ याहून वेगळा नाही.

हॅम्बुर्गची राखीव पोलीस बटालियन १०१ पोलंडमध्ये गेली आणि १३ जुलै १९४२ रोजी युझेफुफ गावात तिने सुमारे १,५०० ज्यूंना गोळ्या घातल्या. बायका, लेकरं, म्हातारे. हे पोलीस कोणी कसलेले सैनिक नव्हते. गोदीकामगार, ड्रायव्हर, कारकून, बहुतेक मध्यमवयीन, घरी पोरंबाळं असलेले. सकाळी त्यांच्या मेजरनेच सांगितलं होतं की वयस्कांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं. पाचशेंतून डझनभर झाले.

जमवणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. जर्मनीतही अशी चिन्हं चारचौघांत मिरवायला कायद्याने बंदी आहे, पण शिक्षण आणि संशोधनाला मुभा आहे. मला खटकते ती काचेच्या पेटीतली चिठ्ठी : ‘अस्सल, उत्तम स्थिती’. वस्तूची स्थिती कळली. ती घालणारा त्या दिवशी कुठे उभा होता, हे कोण सांगणार?

आणि पोलंडपर्यंत जायची गरजच काय? त्याच उन्हाळ्यानंतर महिनाभरात, १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, आपल्या पांढुर्ण्याकडून वरुडपलीकडच्या आष्टीत आणि तिकडे चिमूरला काय झालं ते आजी-आजोबांना विचारा. गावकरी मेले, पोलीसही मेले. पुढे चिमूरवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी दोन महिन्यांवर उपास केला. युझेफुफ आणि चिमूर एका तराजूत घालू नका, तसं करणं खोटेपणा होईल. पण वर्दीतला माणूस हुकूम ऐकताना काय करतो, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

‘चपराशी’ हा शब्दच मुळी चपराशीवरून, म्हणजे पट्ट्यावरच्या त्या पितळी पाटीवरून आला (वाक्य गमतीदार झालं खरं, पण पाटीचं नाव ‘चपरास’ आणि मराठीचा विभक्तीशी असलेला खेळ असाच). ‘पट्टेवाला’ही तसाच. सरकारची सत्ता गावात यायची ती या चार बोटं पितळेतून.

सौंसर तेव्हा सी. पी. अँड बेरारमध्ये, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. आता आपल्या भागातल्या जुन्या पोलिसांची कहाणी सांगायला ना इकडचे उत्सुक, ना तिकडचे. घरात एखादी चपरास निघालीच तर भांड्यांसोबत मोडीत जाते, किलोच्या भावाने.

मंडळाने या दिवाळीच्या सुट्टीत एवढं करावं : ज्यांच्या घरी कोणी कोटवार, शिपाई, जमादार होऊन गेला, त्यांनी वस्तू घरीच ठेवावी, फक्त फोटो काढावा. खाली लिहावं कोणाची, कोणत्या ठाण्याची, कोणत्या सालची. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारावा : बेचाळीसमध्ये आजोबा ड्युटीवर होते का? उत्तर टाळलं, तर तेही लिहून ठेवावं.